'पीएफओए फ्री' लिहिलं म्हणजे झालं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नव्या नॉनस्टिक तव्यावर 'पीएफओए फ्री' (म्हणजे कोटिंग बनवताना पूर्वी वापरायचे ते पीएफओए केमिकल नाही) लिहिलंय तर तो बिनधास्त वापरायचा का, आणि ही फॉरेव्हर केमिकल्स (वर्षानुवर्षं न तुटणारी, पीफास नावाची) एवढी वाईट आहेत तर सरकार सरळ बंदी का घालत नाही. मी बरीच वर्षं सांडपाणी प्रक्रियेच्या कामात आहे त्यामुळे दुसऱ्यावर जास्त बोलणार.

तव्याचं आधी उरकतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका, कोटिंग निघायला लागलं की बदला, जमलं तर बिडाचा घ्या. तयार तव्यापेक्षा खरा धोका ते कोटिंग आणि त्याची केमिकल्स जिथे बनतात तिथल्या पाण्याला असतो.

पीएफओए हे पीफास या हजारो केमिकल्सच्या कुळातलं फक्त एक. कार्बन-फ्लोरिनचा बाँड इतका चिवट की ऊन, पाणी, बॅक्टेरिया कशालाच दाद देत नाही, आणि पीएफओए रक्तात गेलं की निम्मं व्हायलाच काही वर्षं लागतात. वेस्ट व्हर्जिनियात ड्यूपॉन्टच्या टेफ्लॉन कारखान्याच्या परिसरातल्या सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं, त्यावरच्या अभ्यासातून किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल धरून सहा आजारांशी संबंध असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए बंद केलं खरं पण जागी काय आणलं, तर जेनएक्स, त्याच कुळातलं, साखळी तेवढी आखूड. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या लोकांना कळलं की ते केप फिअर नदीतून आपल्या नळाला येतंय!

म्हणून एकेका केमिकलवर बंदी घालून काही होत नाही असं माझं ठाम मत आहे. न तुटणाऱ्या विषारी केमिकल्सवर बंदी-निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात याच कुळातलं पीएफओएस आलं २००९ ला, पीएफओए २०१९ ला, पीएफएचएक्सएस २०२२ ला. तेरा वर्षांत तीन, आणि कुळात हजारो. २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या पाच देशांनी अख्ख्या कुळावरच निर्बंध घालायचा प्रस्ताव युरोपात मांडला, तीच दिशा बरोबर आहे. जिथे पर्याय नाही तिथे मुदतीची सूट द्या, पण रेनकोट आणि पिझ्झाच्या खोक्यासाठी कशाला हवंय हे?

आता आपल्याकडचं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएसला लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मानकात, पीफासचा रकानाच नाही. २०२० मध्ये केंद्राने स्टॉकहोम यादीतल्या सात केमिकल्सवरचे निर्बंध मान्य केले त्यात ही दोन्ही नव्हती. सीईटीपीत (अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्र) आम्ही बघतो बीओडी, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या टेस्ट), पीएच, टीएसएस (तरंगता गाळ). पीफास नॅनोग्रॅममध्ये असतं, सीओडीत ते दिसणारच नाही, बायोलॉजिकल टाकीत तुटणारही नाही, एकतर पाण्याबरोबर बाहेर नाहीतर गाळात. रिपोर्ट मात्र सगळा नियमात.

आणि हे लांबचं नाही हो. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या मितेनी या पीफास बनवणाऱ्या कंपनीमुळे साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला, २०१८ ला तिचं दिवाळं निघालं, २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावल्या, काहींना साडेसतरा वर्षांपर्यंत. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती आली कुठे, तर रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. कंपनी सगळे नियम पाळत असेलही, पण पाण्यातल्या पीफासला आपल्याकडे मर्यादाच नाही तर ती मोडली की नाही हे मोजणार कशावर? लोटेच्या सीईटीपीचं पाणी दाभोळ खाडीत जातं, तिथे माणसं मासेमारीवर जगतात, मला याचा खरंच राग येतो.

तुम्ही कुठल्याही केमिकल एमआयडीसीजवळ राहत असाल तर एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) साइटवर कंपनीच्या कन्सेंटमधली, म्हणजे मंडळाने दिलेल्या परवान्यातली, प्रॉडक्ट लिस्ट काढा, 'फ्लोरो' असलेली नावं बघा (सगळीच पीफास नसतात, जाणकाराला दाखवा), आणि जनसुनावणीत लेखी मागा की सांडपाण्यात आणि गाळात पीफासची टेस्ट होणार का, किती दिवसांनी होणार आणि रिपोर्ट लोकांना दिसणार का. घरी आरओ असेल तर पीफास बरंच कमी होतं, नुसतं उकळून होत नाही. फक्त आरओचं फेकायचं पाणी स्वयंपाकाला किंवा भाजीच्या वाफ्यात वापरू नका, अडवलेलं सगळं त्यातच असतं.