आइस हॉकीतील बचावपटूची थोरवी कशी ओळखावी?

आपला प्रश्न असा आहे की, आइस हॉकीत गोल करणारे आघाडीपटू सहज लक्षात राहतात. मग बचावपटू नेमके काय करतो आणि त्याची कारकीर्द थोर होती हे कशावरून ठरवायचे? याचे उत्तर मी एकाच खेळाडूच्या आधारे देतो, कारण हा खेळ मी त्याला पाहतच शिकलो. २००६ साली नोकरीनिमित्त मी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहायला आलो, तेव्हा हॉकी म्हणजे गवतावरची, फार तर ॲस्ट्रोटर्फवरची, एवढेच मला ठाऊक होते. कचेरीतील एका वयस्कर सहकाऱ्याने मला पहिला सामना दाखवायला नेले आणि बसल्या बसल्या बजावले, की पकच्या (खेळातील चपट्या रबरी चकतीच्या) मागे नजर धाववू नका, फक्त पाच नंबरकडे पाहा. तो पाच नंबर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधील डेट्रॉइट रेड विंग्ज संघाचा स्वीडिश कर्णधार निकलास लिडस्ट्रॉम.

बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. साधारण पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग केले की खेळाडू बाहेर येतो आणि दुसरा आत जातो. सामना साठ मिनिटांचा असतो आणि चांगला बचावपटू त्यातील वीस-बावीस मिनिटे बर्फावर काढतो. लिडस्ट्रॉम ऐन भरात असताना सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे खेळत असे. प्रतिस्पर्ध्याची सर्वांत धोकादायक तिकडी आत आली की तो आत, आपल्या संघाचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसला असला तरी तो आत, आणि समोरच्याचा खेळाडू बाहेर असताना मिळणाऱ्या पॉवर प्लेमध्येही निळ्या रेषेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमारेषेवर, उभा राहून पक वाटणारा तोच.

आता मुख्य कामाकडे येतो. समोरून आघाडीपटू पक घेऊन वेगाने येत असतो आणि बचावपटू त्याच्याकडे तोंड करून उलटा, म्हणजे पाठीमागे, स्केटिंग करत असतो. दोघांमध्ये फार अंतर ठेवले तर समोरच्याला नेम धरायला मोकळीक मिळते. फार कमी ठेवले तर तो एका हुलकावणीत बाजूने निसटतो. हे अंतर राखत, त्याला मधल्या पट्ट्यातून हळूहळू कडेच्या फळ्यांकडे वळवत न्यायचे, जिथून गोलचा कोन चिंचोळा होतो, आणि तेवढ्या वेळात आपली स्टिक अशी टेकवून ठेवायची की पास देण्याची वाट बंद व्हावी. कबड्डीत मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूवर झडप घालण्याची घाई करत नाही, त्याला स्वतःहून कोपऱ्यात येऊ देतो. ते ज्याने पाहिले आहे त्याला लिडस्ट्रॉमचा खेळ समजायला वेळ लागणार नाही. प्रेक्षकांना मात्र दणदणीत धडक आवडते, आणि लिडस्ट्रॉम धडक क्वचितच देई. १,५६४ सामन्यांत त्याला मिळून अवघी ५१४ मिनिटांची शिक्षा झाली. साधी शिक्षा दोन मिनिटांची असते हे लक्षात घेतले, तर साधारण सहा सामन्यांत एकदा तो नियमभंगासाठी बाहेर बसला असे म्हणता येईल. दर सामन्यात सर्वांत तगड्या आघाडीपटूंना तोंड देणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा मला आजही अविश्वसनीय वाटतो.

त्याचा जन्म १९७० चा. स्वीडनमधील व्हेस्टेरॉसच्या संघाकडून खेळत असताना १९८९ च्या निवडीत (या वार्षिक ‘ड्राफ्ट’मध्ये लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) डेट्रॉइटने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले. त्याच्या आधी बावन्न नावे पुकारून झाली होती. त्याच वर्षी डेट्रॉइटने पुढे नावाजलेल्या सर्गेई फेडोरोव्हला ७४ व्या आणि व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला तर २२१ व्या क्रमांकावर निवडले. एका संघाने एका वर्षात केलेली इतकी भाग्यवान निवड दुसरी शोधायला गेलात तर बराच वेळ जाईल. लिडस्ट्रॉम १९९१ मध्ये अमेरिकेत आला आणि पहिल्याच हंगामात त्याने ११ गोल आणि ४९ साहाय्यांसह (म्हणजे गोलकडे नेणाऱ्या पासांसह; प्रत्येकाचा एक गुण) साठ गुण मिळवले. तरीही पुढची काही वर्षे तो एक चांगला, शांत, युरोपीय बचावपटू म्हणूनच ओळखला जात होता, आणि त्या काळच्या उत्तर अमेरिकेत यातील ‘शांत’ व ‘युरोपीय’ ही दोन्ही विशेषणे कौतुकाची नव्हती. स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, रेट्यात असे खेळाडू टिकत नाहीत, असे उघडपणे बोलले जाई.

हा समज मोडला तो १९९७ च्या अंतिम फेरीत. समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स होते आणि त्यांची एरिक लिंड्रॉस, जॉन लेक्लेअर व मिकाएल रेनबर्ग ही धिप्पाड तिकडी समोरच्यांना अक्षरशः फळ्यांवर आपटत अंतिम फेरीपर्यंत आली होती. त्यांच्यासमोर डेट्रॉइट आपला सर्वांत कडवा, अंगावर जाणारा बचावपटू कॉन्स्टँटिनोव्ह याला उभे करणार, असा सर्वांचा कयास होता. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी मात्र लिडस्ट्रॉम आणि छत्तीस वर्षांचा लॅरी मर्फी ही जोडी निवडली. मर्फीही धडकेचा खेळाडू नव्हता. बोमन यांचा हिशेब असा होता की, या तिघांशी ताकदीने झुंजणे म्हणजे त्यांना हवा तोच खेळ खेळणे. त्याऐवजी पक चटकन काढून घेऊन अचूक पासने पुढे धाडला, तर त्या तिघांचा वेळ आपल्याच अर्ध्या भागात परत धावण्यात जाईल. झालेही तसेच. सातपैकी चार सामने जिंकायच्या त्या मालिकेत डेट्रॉइटने पहिले चारही सामने जिंकले आणि लिंड्रॉसला संपूर्ण मालिकेत एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याची शेवटची पंधरा सेकंद उरली असताना. डेट्रॉइटला ४२ वर्षांनी कप मिळाला. मी ती मालिका अर्थातच नंतर, चित्रफितींवर पाहिली. पण बचाव म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर त्याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

त्यानंतर सहाच दिवसांनी संघाच्या समारंभाहून परतणाऱ्या एका लिमोझिनला अपघात झाला आणि कॉन्स्टँटिनोव्हच्या मेंदूला गंभीर इजा झाली. नॉरिस करंडक, म्हणजे लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा मान, त्या वर्षीच्या मतदानात त्याच्यापासून एकाच पायरीने हुकला होता. तो पुन्हा कधी खेळला नाही. एकाच निवडीतून आलेल्या दोन बचावपटूंपैकी एकाची कारकीर्द सहा हंगामांत संपली आणि दुसऱ्याची वीस हंगाम चालली, हे सांगताना केवळ कौशल्याचा हिशेब मांडून भागत नाही.

लिडस्ट्रॉमला स्वतःला नॉरिस करंडकासाठी बराच काळ थांबावे लागले. १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षे तो मतदानात दुसरा आला. पहिला करंडक मिळाला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्यानंतर मात्र त्याने एकूण सात जिंकले, आणि त्यातील शेवटचा २०११ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. त्याच्याहून अधिक, म्हणजे आठ, फक्त बॉबी ऑर या जुन्या काळच्या बचावपटूच्या नावावर आहेत. माझ्या मते हा उशीर त्या कामाच्या स्वरूपातच होता: मतदान करणाऱ्यांना आधी आकडे दिसतात आणि टळलेले संकट आकड्यांत उतरत नाही. अर्थात त्याचे आकडेही कमी नव्हते. २६४ गोल, ८७८ साहाय्ये आणि वीसच्या वीस हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचलेला.

२००२ मध्ये बाद फेरीच्या सुरुवातीलाच डेट्रॉइटने व्हँकुव्हरविरुद्ध घरचे दोन्ही सामने गमावले होते. तिसऱ्या सामन्यात बरोबरी असताना लिडस्ट्रॉमने मैदानाच्या मध्यावरून मारलेला पक गोलरक्षकाला चकवून आत गेला, सामना फिरला आणि डेट्रॉइटने सलग चार विजय मिळवले. पुढे कपही जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मिळवणारा लिडस्ट्रॉम पहिला युरोपीय ठरला. २००६ मध्ये तुरिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिनलंडविरुद्ध स्वीडनचा निर्णायक गोलही त्याचाच. २००८ चा कप त्याने कर्णधार म्हणून उचलला.

मी प्रत्यक्ष पाहिलेला सर्वांत दुःखद क्षण त्याच्या पुढच्या वर्षीचा. १२ जून २००९, पिट्सबर्गविरुद्ध अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना, डेट्रॉइट २-१ ने मागे आणि शेवटचे सेकंद. परत आलेला पक डाव्या बाजूने पुढे सरकलेल्या लिडस्ट्रॉमच्या स्टिकवर आला, समोर गोल जवळजवळ मोकळा होता, आणि गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लूरीने आडवी उडी घेऊन तो अडवला. आमच्या दिवाणखान्यात कितीतरी वेळ कोणी बोलले नाही.

मे २०१२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. उन्हाळ्यातील तयारीसाठी लागणारी ओढ पूर्वीइतकी उरली नाही, असे कारण त्याने दिले. आदल्याच वर्षी नॉरिस करंडक जिंकलेला हा बचावपटू कोणत्याही संघात सहज दोन हंगाम आणखी खेळला असता. पण उलट स्केटिंग करताना एक पाऊल उशिरा पडले तर बचावपटूला ते झाकता येत नाही, आणि ते पडण्याआधीच तो थांबला.