बोट घेतली, ऑनलाइन प्रमाणपत्रही झालं, मग पॉवर स्क्वॉड्रनमध्ये कशाला जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एडिसनला राहता, २० फुटी जुनी बोट घेतलीत, न्यू जर्सीचं सेफ्टी प्रमाणपत्र ऑनलाइन अभ्यास करून मिळवलंत. उन्हाळ्यात बायकोमुलांना घेऊन रॅरिटन बेमध्ये फिरायचंय आणि जमलं तर बार्नेगॅटच्या खाडीतही जायचंय. मरिनातल्या (बोटी लावायच्या धक्क्यावरच्या) शेजाऱ्याने पॉवर स्क्वॉड्रनचं, म्हणजे बोटिंग शिकवणाऱ्या हौशी संस्थेचं, सभासदत्व घ्या म्हणून सुचवलं, आणि तुम्हाला तो ब्लेझर घातलेल्या रिटायर्ड लोकांचा क्लब वाटतोय. मी तिथे बरीच वर्षं आहे, वर्गही घेतो. ब्लेझरचं खरं आहे. तरीही जा.

आधी व्हिसाचा मुद्दा, कारण आपल्यातले बरेच जण तिथेच अडतात. अमेरिकेत फुकट वेळ देऊन बोटिंग शिकवणाऱ्या मोठ्या संघटना दोन. कोस्ट गार्ड ऑक्झिलरी १९३९ पासूनची, गणवेशातली, कोस्ट गार्डच्या छत्राखालची; तिला अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर किंवा एच-१बीवर असाल तर तो दरवाजा सध्या बंद. पॉवर स्क्वॉड्रन्स ही खाजगी, सभासदांनी चालवलेली संस्था, आता ‘अमेरिकाज बोटिंग क्लब’ या नावाने वावरते. तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. बोट असलीच पाहिजे असंही नाही. १९१४ साली बॉस्टनच्या यॉटवाल्यांमधून ती निघाली. मोटरबोटी तेव्हा नव्या होत्या, शिडाच्या होडीवाले त्यांच्याकडे नाक मुरडून बघत, आणि मोटरवाल्यांनी निदान नीट शिकून चालवावं ही त्यामागची कल्पना. कमांडर, लेफ्टनंट कमांडर ही पदं आणि निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा त्या काळातून आलाय. पहिल्या बैठकीला हसू येईल. येऊ द्या.

आता मूळ मुद्दा. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तुम्हाला नियम माहीत झाले. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, उजव्या बाजूने आडवी येणारी बोट असेल तर तिला वाट द्यायची, हे तुम्ही परीक्षेत बरोबर लिहिलं असणार. पण शनिवारी दुपारी सँडी हुकच्या टोकाशी फेरीबोट येतेय, मागून जेट स्की येतोय, मुलगा ‘बाबा, सूसू’ म्हणतोय आणि पुढचा बोया (पाण्यावर तरंगणारी वाटेची खूण) लाल आहे की हिरवा ते उन्हात कळत नाहीये, अशा वेळी हात आपोआप बरोबर वळायला हवा. ते शेजारी बसलेल्या माणसाने चारदा टोकल्याशिवाय येत नाही. स्क्वॉड्रनमध्ये तुम्हाला मिळतो तो हा टोकणारा माणूस. माझ्या मते बाकी सगळं त्यापुढे दुय्यम.

बोयांवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीला लहानपणी मामाच्या होडीत फिरलात, त्यामुळे पाण्याची सवय आहे. सवय उपयोगी पडेल. भरती-ओहोटी, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तुम्हाला नव्याने समजवावं लागणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी लागेल. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतो. अमेरिकेत तो उजव्या हाताला. सगळं जग बोयांच्या बाबतीत दोन विभागांत वाटलेलं आहे. भारत, युरोप, आफ्रिका एका विभागात. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स दुसऱ्यात. आपल्याकडे बंदरावर काम केलेली माणसं इथे आल्यावर पहिल्या दिवशी इथेच फसतात. होकायंत्राचंही तसंच. कोकणात होकायंत्र दाखवतं ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत जवळजवळ फरकच नाही, म्हणून कुणाला तो हिशेब करावा लागत नाही. सँडी हुकला हा फरक सुमारे १२-१३ अंश पश्चिमेला आहे. दोन मैलांच्या अंतरावर तेवढ्याने तुम्ही जवळजवळ अर्धा मैल बाजूला जाता. जीपीएस चालू असेपर्यंत कळणारही नाही.

आणि बार्नेगॅट. आतली खाडी उथळ, बहुतेक ठिकाणी कमरेइतकं-छातीइतकं पाणी, तिथे फार तर रुताल आणि भरतीची वाट बघत बसाल. इनलेट, म्हणजे खाडीचं समुद्राकडे उघडणारं तोंड, मात्र वेगळं प्रकरण आहे. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावत असतं, समोरून पूर्वेचा वारा आणि लाटा आत येत असतात, दोघांची टक्कर त्या अरुंद तोंडात होते आणि लाटा उभ्या राहतात. वाळूचे दांडे सरकत राहतात, त्यामुळे तिथले बोयेही हलवावे लागतात. गेल्या वर्षीचा चार्ट (पाण्याचा नकाशा) या वर्षी खरा असेलच असं नाही. स्क्वॉड्रनचे मरीन नॅव्हिगेशनचे वर्ग ही गणितं कागदावर करायला लावतात. पण त्याहून मोलाचा असतो तो स्थानिक सभासद, जो म्हणतो, ‘आज नको, भरतीला चार वाजता जाऊ, मी माझ्या बोटीने पुढे असतो.’ इनलेट ओलांडायचाच असेल तर पहिल्यांदा अशा कुणाच्या मागे जा.

थंड पाण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. मेच्या सुरुवातीला हवा ७५-८० फॅरनहाइटला जाते आणि लोक टी-शर्टवर बोटी काढतात. पाणी तेव्हा ५०-५५ च्या आसपास असतं. त्यात पडलं की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. पुढची दहा मिनिटं हातपाय जेमतेम चालतात. गारठून शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे बरीच माणसं गारठून नाही, तर त्या पहिल्या अकरा मिनिटांत बुडून जातात. कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकडेवारीत हौशी बोटींवर ५६४ माणसं गेली. कारण कळलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बुडून, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं. पोहता येतं हा मुद्दा इथे फारसा उरत नाही. शिवाय रॅरिटन बेचा अर्धा भाग न्यूयॉर्कचा आहे आणि तिथे १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीत सगळ्यांनी जॅकेट घातलंच पाहिजे असा कायदा आहे. तुमची बोट २० फूट.

आता वहिनींबद्दल. ‘मी शिकतो, ती येईल नुसती फिरायला’ असं तुम्ही लिहिलंय. उलट करा, दोघांनी सभासद व्हा. बोटीवरून पाण्यात पडणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असणार, कारण दोर बांधायला, नांगर सोडायला तुम्हीच धावणार. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याने स्वतःला अडकवायला हवी असा केंद्रीय कायदा आहे. तुम्ही पडलात की ती दोरी तुमच्याबरोबर पाण्यात, इंजिन बंद, आणि बोटीवर वहिनी आणि मुलं. त्या दोरीची दुसरी, जादा क्लिप कुठे ठेवली आहे, ती लावून इंजिन कसं सुरू करायचं, तुमच्याजवळ आल्यावर गिअर न्यूट्रलला का आणायचा, रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर ‘मेडे’ (संकटातली मदतीची हाक) तीनदा म्हणून आपली जागा कशी सांगायची, हे त्यांना यायला हवं. फोनवर भरवसा नको. फोन एकालाच जातो, रेडिओ आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू येतो. या संस्थेने १९८२ पर्यंत बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं नव्हतं. आता सोबत येणाऱ्या जोडीदारासाठी वेगळा छोटा वर्गच असतो. नवऱ्याने शिकवलं की भांडण होतं, तिऱ्हाईताने शिकवलं की होत नाही, हाही त्याचा फायदा.

सुरुवात मात्र फॉर्म भरून करू नका. आधी बोटीची मोफत सुरक्षा तपासणी मागवा. स्क्वॉड्रनचा किंवा ऑक्झिलरीचा प्रशिक्षित माणूस मरिनात येतो, नोंदणीचे आकडे, जॅकेटं, दिवे, भोंगा, अग्निशामक, फ्लेअर (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या) बघतो. जुनी बोट असेल तर फ्लेअरच्या तारखा बहुधा उलटलेल्या निघतील, त्या ४२ महिन्यांच्याच असतात. एकदाच वापरायचं अग्निशामक बनवल्यापासून १२ वर्षांनी बाद. काही कमी निघालं तर दंड नाही, पोलिसांना कळवणं नाही. दुरुस्त करा आणि पुन्हा बोलवा. पास झालात की स्टिकर. त्या वेळात गप्पा होतात आणि स्थानिक मंडळी कशी आहेत त्याचा अंदाज येतो. ही मंडळी जागोजागी फार वेगवेगळी असतात. काही स्क्वॉड्रन्स खरोखरच जेवणावळींपुरत्या उरल्यात. म्हणून दोनच गोष्टी विचारा: मागच्या उन्हाळ्यात पाण्यावरचे किती सराव झाले, आणि नवीन सभासदाच्या बोटीवर येऊन शिकवायला कोण तयार आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर शेजारच्या गावातली दुसरी स्क्वॉड्रन बघा, बंधन नाही.

वर्गणी ठिकाणाप्रमाणे बदलते, पुस्तकांचे पैसे वेगळे, शिकवणाऱ्याला काही मिळत नाही. वर्ग बहुतेक हिवाळ्यात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात घालतात, तसा इथला मोसम नोव्हेंबर ते एप्रिल झाकलेला असतो. बोट हँडलिंगपासून सुरू करा. पुढे सेक्स्टंट नावाच्या यंत्राने सूर्याची उंची मोजून आपली जागा काढण्यापर्यंत जाता येतं, पण रॅरिटन बेसाठी त्याची गरज नाही, हौस असेल तर करा. एकेक परीक्षा झाली की नावापुढे अक्षरं लागतात. काही लोक त्यातच रमतात. वर्षभर संस्थेचं काम केलं की त्याची पावती म्हणून एक मेरिट मार्क, असे २५ झाले की आजीव सभासद. दुसऱ्या वर्षी तुम्हालाच कुणीतरी मरिनात टेबल लावून बसायला सांगेल, लहान मुलांना जॅकेट नीट कसं बसवायचं ते दाखवायला. तेव्हा ‘ऑफिस आहे’ म्हणून टाळू नका. वर सांगितलेला तो टोकणारा माणूसही नोकरी सांभाळूनच येत असतो.

विम्यात सवलत मिळते का असंही तुम्ही विचारलंय. काही कंपन्या देतात. आपल्या एजंटला विचारा, पण तेवढ्यासाठी सभासद होणार असाल तर राहू द्या. तपासणीची वेळ एप्रिलमध्येच ठरवा, मेमध्ये तपासणारी माणसं मिळत नाहीत.