ठाणे खाडीतले फ्लेमिंगो जन्मतःच गुलाबी असतात का?

नाही, पिल्लं राखाडी-पांढरट असतात. गुलाबी रंग पुढच्या दोन-तीन वर्षांत खाण्यातून चढतो. खाडीच्या चिखलातलं सूक्ष्म शेवाळ आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव यांत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं असतात. यकृतात त्यांचं रूपांतर होतं आणि ती पिसांत उतरतात. प्राणिसंग्रहालयात असा आहार मिळाला नाही तर हेच पक्षी फिके पडतात, म्हणून तिथे खाद्यात ही रंगद्रव्यं मुद्दाम घालतात. मात्र ऐरोली-नेरूळकडच्या थव्यात पांढुरका पक्षी दिसला तर तो पिल्लूच असेल असं नाही. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, आणि त्याच्या इथे दोन जाती दिसतात: लहान रोहित गडद असतो, मोठा रोहित वयात येऊनही बराच पांढरा राहतो. उंची आणि चोचही बघा. मोठ्याची चोच गुलाबी, टोकाला काळी. लहानाची गडद किरमिजी.