श्रीलंकेतलं रितिगल आणि तिथले अरण्यविहारांचे अवशेष चार दिवसांत कसे पाहावेत?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत: मुंबईहून चार दिवस, डिसेंबर की फेब्रुवारी, सोबत ६६ वर्षांचे वडील ज्यांचा एक गुडघा कुरकुरतो, आणि सिगिरियाचा खडकावरचा किल्ला राहिला तरी चालेल पण रितिगल बघायचंच. शेवटची गोष्ट तुम्ही आधीच ठरवलीत, हे बरं झालं. रितिगलची बहुतेकांची सहल फसते ती तिथेच. सकाळी सिगिरिया चढून, जेवून, दुपारी दोनला घामाघूम होऊन माणूस रितिगलला पोचतो, पाऊण तास दगड बघतो आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणत परततो.

एका अर्थी तिथे खरंच काही नाही. कान्हेरी पाहिलेल्या माणसाला चैत्य, कोरलेल्या मूर्ती, स्तूप यांची सवय असते. रितिगलच्या विहारात यातलं काहीही मिळत नाही, बोधिवृक्षाचा पारसुद्धा नाही. ९व्या शतकात पहिल्या सेन राजाने हा विहार पांसुकूलिक भिक्खूंसाठी बांधून दिला. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेली चिंधी. तिचंच चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, शिवून नेसायचं, हे तेरा धुतांगांपैकी, म्हणजे भिक्खूंच्या कडक व्रतांपैकी, पहिलं. अरण्यात राहणं हेही त्याच यादीतलं एक. त्याची मोजणी अशी, की राहायची जागा गावापासून निदान ५०० धनुष्यांच्या लांबीइतकी दूर हवी. म्हणजे भिक्षेला चालत जाता येईल इतकी जवळ, पण गावाचा कलकलाट ऐकू येणार नाही इतकी दूर. अशा माणसांनी मूर्ती घडवल्या नाहीत. त्यांनी घडवली चालायची वाट, बसायचे चौथरे, अंघोळीची जागा आणि पाण्याची सोय. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर बघायला भरपूर आहे.

आधी महिन्याचं. डिसेंबर नको. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पडतो. आपल्याकडे थंडीची सुट्टी असते तेव्हा तिकडे जंगल चिंब असतं. शेवाळलेल्या फरशीवरून गुडघेदुखीच्या माणसाला उतरवणं म्हणजे आफत, आणि जळवा असतात त्या वेगळ्याच. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्च चांगला. जुलै-ऑगस्टही कोरडा असतो, पण उकाडा जास्त. तारखा ठरवताना पोयाचा, म्हणजे पौर्णिमेचा दिवस बघून घ्या. त्या दिवशी देशभर सुट्टी असते, आणि अनुराधपूर आणि मिहिंतले या बौद्ध तीर्थक्षेत्रांना पांढऱ्या कपड्यांतल्या उपासकांची रीघ लागते. तो सोहळा बघायचा असेल तर मुद्दाम जा. निवांत अवशेष बघायचे असतील तर तो दिवस रितिगलसाठी राखा, तिथे गर्दी पोचत नाही.

विमान मुंबई–कोलंबो थेट मिळतं, अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला कटुनायकेत आहे. म्हणून कोलंबोत शिरूच नका. पहिला मुक्काम शहरात टाकलात की चारपैकी एक दिवस वाहतुकीत गेला. थेट कुरुणेगलच्या दिशेने निघा. गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. बस आणि टुकटुक जोडून रितिगल गाठता येतं, पण परतीच्या टुकटुकची खात्री नसते आणि वडिलांना फाट्यावर उन्हात उभं करण्यात अर्थ नाही. व्हिसाचे नियम अलीकडे बरेचदा बदललेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी श्रीलंका सरकारच्या ईटीएच्या, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवान्याच्या, अधिकृत संकेतस्थळावरच बघा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स जास्तीचे पैसे घेतात.

पहिला दिवस: विमान दुपारी बाराच्या आत उतरत असेल तर वाटेत अरंकेले हा दुसरा अरण्यविहार करा. कुरुणेगल–दंबुल्ल रस्त्यावरून आत, कुरुणेगलपासून साधारण २४ किमी. उशिरा उतरणार असाल तर हे शेवटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर ठेवा. अंधारात अरंकेले गाठण्याचा हट्ट करू नका.

तुमच्या वडिलांच्या दृष्टीने खरी जागा अरंकेलेच. जुनी चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान करायची, वाट इथे सरळ आणि लांबलचक आहे, दोन्ही बाजूंना उंच झाडं, सगळं बऱ्यापैकी सपाट. जंताघराचे, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहाचे अवशेष आणि दगडी बांधणीचं तळंही आहे. मुख्य म्हणजे शेजारी आजही भिक्खू राहतात. त्यामुळे गुहेतल्या देवळाशी पादत्राणं काढायची, हळू बोलायचं, आणि चंक्रमण करणारा भिक्खू दिसला तर मोबाइल खिशात ठेवायचा. रितिगलला जे मोडून पडलेलं बघायचंय, ते इथे वापरात दिसतं. शक्य असेल तर म्हणूनच अरंकेले आधी बघा.

मुक्काम रितिगलजवळच्या हबरणा गावात. दंबुल्लपेक्षा हबरणा बरं, कारण सकाळचा अर्धा तास वाचतो. रात्री हबरणाच्या आसपासच्या रस्त्यांवर रानटी हत्ती येतात. अंधार पडायच्या आत खोलीवर पोचायचं, हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दुसरा दिवस रितिगलचा, फक्त रितिगलचा. हबरणा–मरदनकडवल रस्त्यावरून फाटा फुटतो, तिथून आठ-नऊ किलोमीटर आत. सकाळी आठच्या सुमारास तिकीट खिडकीवर असा. सुट्टे श्रीलंकन रुपये जवळ ठेवा, कार्डावर विसंबू नका. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या. माणशी दीड-दोन लिटर पाणी सोबत हवंच, वर काही मिळत नाही. बूट पकड असलेले घाला, इथे ते काढावे लागत नाहीत. पाऊस झाला असेल तर पँट मोज्यांत खोचा आणि मोज्यांवर साबणाची वडी कोरडीच घासा, जळवा चढायला कचरतात. चढलीच तर ओढून काढू नका. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा, सुटते. डास डेंग्यूचे असू शकतात, मलम लावा.

डोंगर ७६६ मीटर उंच आहे, पण शिखर विसरा. हा कडक संरक्षित निसर्ग राखीव भाग आहे आणि अवशेषांच्या पुढे परवानगीशिवाय जाता येत नाही. ‘वर नेतो’ म्हणणारा कुणी भेटला तर नमस्कार करून पुढे चला. तिथला माणूस वाट दाखवायला आला तर मात्र घ्या आणि शेवटी बक्षिशी द्या. पाचोळ्याखाली कुठली पायरी निखळलीय हे त्याला माहीत असतं.

आता बघायचं काय, तेही क्रमाने.

सुरुवातीलाच बंदा पोकुण. पोकुण म्हणजे पोखरण, पुष्करणी. शब्द कानाला लगेच ओळखीचा वाटतो. परीघ ३६६ मीटर, कडेने दगडी पायऱ्या. परंपरेने हे तळं पंडुकाभय राजाच्या नावावर, म्हणजे इ.स.पूर्व ४थ्या शतकात जातं. महावंसात, म्हणजे श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात, रितिगलला अरिट्ठ पर्वत म्हटलंय, आणि पंडुकाभयाने आपल्या मामांशी लढताना इथेच तळ दिला होता असं त्यात येतं. तळ्यात पाणी असेलच असं धरून चालू नका. कोरडं असेल तर उलट पायऱ्यांची रचना नीट कळते.

तळ्यापुढे जंताघर. मधला चौकोन खाली उतरलेला, भोवती खांबांच्या ओसरीच्या खुणा, आणि तिथेच औषधी वाटायचे दगड. इथे बहुतेक लोक एक फोटो काढून पुढे जातात. थांबा. वाफेचं किंवा काढ्याचं स्नान कसं व्हायचं हे डोळ्यांसमोर आणायला दहा मिनिटं लागतात, आणि वडिलांना पहिली बैठक मारायलाही हीच जागा बरी.

मग सुरू होते ती फरसबंद वाट. साधारण दीड मीटर रुंद, घडीव दगड एकमेकांत बसवलेले, कडेला उभे काठ. ती डोंगराच्या पोटाशी कधी पायऱ्यांनी, कधी हलक्या चढाने वर जाते. मध्येच ती फुगून गोल होते, चक्क दगडी वर्तुळाकार चौक. हे विसाव्याचे चौक आहेत असं मानतात. एकदा खाली वाकून दोन दगडांमधली फट बघा: चुना नाही, मसाला नाही, दगडाची कड दगडाला भिडवलेली. हजार वर्षांत झाडांच्या मुळांनी जिथे फरशी उचलली तिथेच ती हललीय, एरवी नाही. पाय मुरगळतात ते याच उचललेल्या जागी, आणि तेही उतरताना. वडिलांना काठी द्या, आणि उतरताना तुम्ही त्यांच्या पुढे चाला, मागे नको.

वाटेच्या बाजूंना जोडचौथरे लागतात. या ठिकाणाचं मर्म तेच आहे. दोन उंच दगडी चौथरे, पूर्व-पश्चिम रेषेत, मध्ये एका दगडी पुलाने जोडलेले. एकावर खांबांचे बुंधे दिसतील, म्हणजे त्यावर छप्पर होतं. दुसरा उघडा. या वास्तूला पधानघर म्हणतात, पधान म्हणजे प्रयत्न, साधना. राहणं, ध्यान आणि शिकवणं यांची वाटणी दोन चौथऱ्यांत नेमकी कशी होती यावर अभ्यासकांचे तर्क वेगवेगळे आहेत. पुलावर उभं राहून दोन्हीकडे बघा आणि तुमचा तर्क करा. १८९३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एच. सी. पी. बेल यांनी या जागेची पाहणी केली, तेव्हापासून हा प्रश्न चालू आहे.

लोकांसाठी खुला असलेला हा सगळा भाग सावकाश बघायला जाऊन-येऊन अडीच-तीन तास धरा. वडिलांचा गुडघा बोलू लागला तर पहिल्या गोल चौकापासून परत फिरा. तळं, जंताघर आणि वाट बघून झालेली असते, जोडचौथरे त्यांना उद्या अनुराधपुरात सपाटीवर दाखवता येतात.

हनुमंताची गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच: द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला, म्हणून वर औषधी वनस्पती फार. आपल्याकडेही अशा किती टेकड्या आहेत! वनस्पती मात्र खरोखरच वेगळ्या आहेत. डोंगरमाथ्यावर ढग अडकतात, त्यामुळे कोरड्या सपाटीच्या मधोमध ओलसर जंगल टिकलंय. पानसुद्धा तोडू नका, गुन्हा आहे.

दुपारी जेवून अनुराधपूर गाठा, तास-दीड तास. संध्याकाळी काही ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनुराधपूरचे पश्चिम विहार, ज्यांना तपोवन म्हणतात. महाबोधी हा पवित्र बोधिवृक्ष आणि रुवनवेलिसाय हा मोठा स्तूप यांच्यापुढे पर्यटक इकडे फिरकत नाहीत. इथे तेच जोडचौथरे, पण सपाट जमिनीवर. आणि इथेच ती प्रसिद्ध नक्षीदार दगडी मुतारी बघायला मिळते. सगळा विहार साधा ठेवणाऱ्या भिक्खूंनी नक्षी केली ती फक्त मुतारीवर. शहरातल्या श्रीमंत विहारांच्या डामडौलाला मारलेला हा टोमणा असावा असा एक तर्क आहे, आणि मला तो मनापासून पटतो. तिकिटासाठी पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. महाबोधीपाशी खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि पादत्राणं बाहेर. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, जाड मोजे न्या.

चारनंतर मिहिंतले, १२-१३ किमी. श्रीलंकेत बौद्ध धर्म आणणारे अशोकपुत्र महिंद थेर जिथे इथल्या राजाला भेटले ती टेकडी. १८४० पायऱ्या आहेत, पण गाडी वरच्या तळापर्यंत जाते आणि निम्म्याहून जास्त चढ वाचतो. वडील तेवढ्यानेही दमले तर वर जाऊच नका. पायथ्याच्या काळुदिय पोकुणाशी, काळ्या पाण्याच्या तळ्याशी जा. खडकांच्या कुशीतला छोटा विहार, गर्दी जवळजवळ नाही.

चौथ्या दिवशी विमानतळ, साडेचार-पाच तास धरून निघा. अरंकेले राहिलं असेल तर सकाळी सहाला निघा आणि विमान संध्याकाळचं घ्या.

जेवणाचं एक राहिलं. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ताटातल्या पोल संबोलात, म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या तिखट चटणीत, बरेचदा उंबलकड असते: सुक्या माशाचा चुरा. परिप्पू म्हणजे डाळ, तिच्यातही कधीकधी घालतात. ऑर्डर देतानाच ‘मस्, माळु, उंबलकड एपा’ म्हणा. एपा म्हणजे नको.