‘प्रारण’ आणि ‘स्थैर्य’ : एका मथळ्याच्या निमित्ताने

आपण अमळनेरहून विचारले आहे की, शाळेतील व्याख्यानासाठी ‘विकिरण आणि स्थिरता : पदार्थापासून विश्वापर्यंत’ हा मथळा बरोबर आहे का, विकिरण, प्रारण, किरणोत्सर्ग आणि किरणोत्सार यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘किरणांमुळे स्थिरता नष्ट होते’ हे वाक्य सर्वत्र चालेल का. माझे उत्तर असे की मथळ्यात ‘प्रारण आणि स्थैर्य’ असावे आणि ते वाक्य मात्र सरसकट वापरू नये. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, पण आधी पहिला पाहू.

‘विकिरण’ हा हिंदीत रुळलेला शब्द आहे आणि बातम्यांमधून तो मराठीतही आला आहे. मात्र आपल्या शालेय पुस्तकांत प्रकाशाचे विकिरण म्हणजे प्रकाश विखुरणे, आकाश निळे दिसते त्यामागचे कारण. त्यामुळे हाच शब्द दोन कामांना जुंपला तर विद्यार्थ्यांचा गोंधळ ठरलेला. ऊर्जा लहरींच्या किंवा कणांच्या रूपाने बाहेर पडून पसरते, त्या सगळ्या प्रकाराला ‘प्रारण’ हा शब्द आहे आणि वहन, अभिसरण, प्रारण या त्रयीत तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे. उन्हाचा ताप हे प्रारण, क्ष-किरण हे प्रारण, रेडिओलहरी हेही प्रारणच. ‘किरणोत्सर्ग’ आणि ‘किरणोत्सार’ यांचे क्षेत्र त्याहून लहान आहे : अस्थिर अणुकेंद्रक आपोआप मोडते आणि त्यातून कण किंवा किरण बाहेर पडतात, तेव्हा हे शब्द योग्य. दोन्ही रूपे प्रचलित आहेत. एका लेखनात एकच ठेवावे, एवढेच पथ्य.

आपल्या भागातील उदाहरण द्यायचे तर केळीचे द्यावे. केळ्यातील पोटॅशियमपैकी सुमारे 0.012 टक्के पोटॅशियम-40 असते आणि त्यामुळे एका मध्यम केळ्यात दर सेकंदाला साधारण पंधरा अणुकेंद्रके मोडतात. त्याने अपाय होत नाही, कारण आपल्या शरीरातही हेच पोटॅशियम असते. येथे विद्यार्थ्यांना दोन गोष्टी दाखवता येतील. पहिली अशी की या ठिकाणी अस्थैर्य आधी आणि प्रारण नंतर, म्हणजे आपल्या वाक्यातील कार्यकारणभाव उलटा आहे. दुसरी अशी की पोटॅशियम-40 चा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मी अणुकेंद्रके मोडायला लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षे आहे, म्हणून ‘अस्थिर’चा अर्थ ‘लगेच मोडणारे’ असा घेऊन चालत नाही.

आता ‘स्थिरता’. अडचण मूळ ‘स्थिर’ या विशेषणात आहे, कारण मराठीत ते किमान तीन अर्थांनी वावरते. ‘स्थिर विद्युत’मध्ये ते न वाहणारे, ‘स्थिरांक’मध्ये न बदलणारे आणि ‘सरकार स्थिर आहे’ यात धक्का बसला तरी न पडणारे. भौतिकशास्त्राला आपल्या विषयात केवळ तिसरा अर्थ हवा आहे : व्यवस्था थोडी ढळवली असता ती पूर्वस्थितीकडे परत येते की अधिकच दूर जाते? कापसाने उंच लादलेली बैलगाडी बैल सोडून, जू हाताने तोलून धरली तर क्षणभर अगदी निश्चल उभी राहते. पण जू किंचित वर गेले की ओझे मागे झुकते आणि गाडी उलाळ होते. त्या क्षणी गाडीला समतोल होता, स्थैर्य नव्हते. समतोल आणि स्थैर्य यांतील हा भेद आपल्या व्याख्यानाचा कणा व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण प्रारणाच्या बाबतीत तोच पुन्हा पुन्हा आडवा येतो.

विश्वरचनाशास्त्रात तर या तीन अर्थांची गाठ एकाच पानावर पडू शकते. आइन्स्टाइन यांनी 1917 मध्ये मांडलेले विश्व प्रसरणही पावत नव्हते आणि आकुंचनही पावत नव्हते. पण 1930 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी दाखवले की ते किंचित प्रसरण पावले तर प्रसरण पावतच राहील आणि किंचित आकुंचन पावले तर आकसतच जाईल. ‘आइन्स्टाइनचे स्थिर विश्व अस्थिर होते’ असे लिहिले तर वाचक बुचकळ्यात पडेल. ‘अचल विश्वाला स्थैर्य नव्हते’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांचा 1948 चा सिद्धांत आपण नारळीकरांमुळे ‘स्थिर स्थिती सिद्धांत’ या नावाने ओळखतो. त्यातील विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याची घनता तीच राहते. तेथे ‘स्थिर’ म्हणजे न बदलणारे. 1965 मध्ये जाहीर झालेल्या वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाने (विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या आणि सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाने) बहुतेक शास्त्रज्ञांना या सिद्धांतापासून दूर नेले, ते वेगळे.

म्हणून विशेषण गरजेप्रमाणे अचल, अपरिवर्ती किंवा स्थायी असे वेगवेगळे घ्यावे आणि नाम म्हणून ‘स्थैर्य’ राखून ठेवावे. वरवर टिकून असलेल्या पण पुरेसा धक्का बसताच खालच्या ऊर्जेकडे जाणाऱ्या अवस्थेला ‘मितस्थायी’ हा शब्द आहे, तोही याच कुळातला.

आता आपले वाक्य, ‘किरणांमुळे स्थिरता नष्ट होते’. पदार्थांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरे ठरते. अणुभट्टीच्या दाबपात्राच्या पोलादावर न्यूट्रॉन आदळतात, अणू आपल्या जागेवरून उडतात, अणूंच्या नियमित मांडणीत, म्हणजे जाळीत, रिकाम्या जागा आणि घुसखोर अणू तयार होतात, आणि पोलाद कठीण होत जाते पण त्याचा चिवटपणा घटतो. ज्या तापमानाखाली ते ठिसूळ वागते ते तापमान वर सरकते. येथे ‘मजबुती गेली’ असे लिहिणे चूक आहे, ‘चिवटपणा गेला’ हे बरोबर. काही अणुभट्ट्यांत वापरलेल्या ग्रॅफाइटमध्ये जागा सोडलेले अणू ऊर्जा साठवून बसतात आणि तापवल्यावर ती एकदम बाहेर पडू शकते. ही साठलेली ऊर्जा मुद्दाम मोकळी करण्याचे काम चालू असतानाच ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडमधील विंडस्केलच्या भट्टीला आग लागली. मितस्थायी शब्दाला याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

परंतु यावल-रावेरच्या केळीबागांतील ठिबकच्या नळ्या पाहाव्यात. त्या काळ्या असतात, कारण पॉलिथिनमध्ये दोन-तीन टक्के काजळी मिसळलेली असते; ती उन्हातील अतिनील प्रारण शोषून घेते. काजळी नसेल तर अतिनील प्रारण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात आणि आपल्याकडच्या उन्हात नळी काही हंगामांतच तडकू लागते. शेडनेटच्या विक्रीत ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ म्हणतात ते यासाठीच, आणि त्याला मराठीत सरळ ‘ऊन सोसणारे’ म्हणता येईल. याच पॉलिथिनवर कारखान्यात मोजून इलेक्ट्रॉनांचा मारा केला तर साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तारांवरचे आवरण उष्णतेत वितळून वाहत नाही. पदार्थ तोच, पण एका प्रारणाने तो मोडतो आणि दुसऱ्याने सावरतो. शिवाय यांपैकी एकही किरणोत्सर्ग नव्हे.

ताऱ्यांकडे गेल्यावर समतोल आणि स्थैर्य यांचा भेद सर्वांत स्पष्ट होतो. ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण आत ओढते, वायूचा दाब आणि प्रारणाचा दाब बाहेर रेटतात. सूर्यात प्रारणाचा वाटा नगण्य आहे, पण सूर्याच्या शंभरपट वस्तुमानाच्या ताऱ्यात तो वायूच्या दाबाच्या बरोबरीला येतो. तारा दाबला गेल्यावर दाब घनतेच्या ज्या घाताने वाढतो तो 4/3 पेक्षा जास्त असेल तर तारा सावरतो. साध्या एक-अणू वायूसाठी हा घात 5/3 आहे, निव्वळ प्रारणासाठी नेमका 4/3. म्हणजे जो दाब ताऱ्याला तोलून धरतो, तोच वाढत गेला की त्याची सावरण्याची शक्ती काढून घेतो. आणि अतिशय तप्त गाभ्यात प्रारणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभाराचा कण) यांच्या जोड्या बनू लागल्या की घात 4/3 च्याही खाली जातो व गाभा कोसळतो. अशा ठिकाणी ‘प्रारणाने समतोल राहतो, पण स्थैर्य घटते’ असे लिहावे. एका शब्दात दोन्ही सांगण्याचा मोह टाळावा.

विश्वाच्या बाल्यावस्थेत याच्या उलट घडले. पहिली सुमारे 3 लाख 80 हजार वर्षे प्रारण आणि मोकळे इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले होते, आणि सामान्य द्रव्याची गुठळी होऊ लागली की प्रारणाचा दाब ती विसकटून टाकत असे. तापमान सुमारे 3000 केल्व्हिनपर्यंत उतरले, अणू बनले, प्रारण सुटे झाले, आणि मग त्या द्रव्याला गुरुत्वाकर्षणाने गोळा होण्यापासून रोखणारे फारसे काही उरले नाही. तेच प्रारण आज 2.725 केल्व्हिनवर सर्व दिशांनी येत आहे. येथे ‘प्रारणामुळे स्थैर्य होते’ हे वाक्य बरोबर आहे, फक्त स्थैर्य कशाचे ते सांगितले पाहिजे : द्रव्याच्या एकसारख्या पसरणीचे. दीर्घिकांच्या बाजूने पाहिले तर हेच स्थैर्य त्यांच्या जन्माआड येत होते. म्हणून या शब्दापूर्वी षष्ठी हवीच, मग ते केंद्रकाचे असो, पोलादाच्या जाळीचे असो वा ताऱ्याचे, आणि क्रियापदही त्या त्या ठिकाणचे घ्यावे : ढळते, घटते, टिकते, वाढते.

आपण जाताजाता लासलगावच्या कांद्याबद्दलही विचारले आहे. तेथे 2002 पासून असलेल्या केंद्रात कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब फुटणे थांबवले जाते. या किरणांची ऊर्जा कांद्यातील अणुकेंद्रके किरणोत्सारी करण्याइतकी नसते, म्हणून ‘किरणोत्सर्गी कांदा’ हा शब्दप्रयोग सरळसरळ चुकीचा आहे आणि गिऱ्हाइकाला विनाकारण घाबरवणारा आहे. ‘गॅमा प्रक्रिया केलेला कांदा’ म्हणावे. आणि त्याच्या बाबतीत स्थैर्य नव्हे, तर टिकाऊपणा वाढतो असे लिहावे.