तक्ता पाठ करण्याआधी माग बघ

अर्थशास्त्राच्या परीक्षेसाठी अभिजात (बाजार आपोआप सावरतो म्हणणारे) आणि केन्सवादी (अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सला मानणारे) असा दोन रकान्यांचा तक्ता घोकू नकोस. प्रश्न जरा फिरवून आला की तो दगा देतो. मी त्यातच आपटलो होतो. त्यापेक्षा आपल्या सोलापुरातला एखादा यंत्रमाग कारखाना डोळ्यांपुढे आण. टॉवेलचे गठ्ठे पडून आहेत, गिऱ्हाईक नाही.

अभिजातवाले म्हणतील, थांबा. भाव उतरेल, मजुरी उतरेल, माल खपेल, माग सुरू होतील. लोकांनी बचत केली तरी व्याजदर उतरून ती गुंतवणुकीत जाईल.

केन्सपाशी मात्र जरा रेंगाळ. मजुरी सहजासहजी उतरत नाही, हे तर आहेच. पण समज, उतरली. मग चाटी गल्लीत कापड घ्यायला येणार कोण? एकाचा खर्च तीच दुसऱ्याची कमाई. आणि मालकाला उद्याचा भरवसा नसेल, तर कर्ज स्वस्त झालं म्हणून तो नवा माग घेत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारांतला एक कामगार बेकार होता, तेव्हा ‘आपोआप सावरेल’ हे कुणाला पटणार? म्हणून सरकारने खर्च करावा, हा त्याचा आग्रह. वाढीव रुपयातले ८० पैसे खर्च होत असतील तर गुणक ५, म्हणजे सरकारच्या एका रुपयाने एकूण उत्पन्न पाच रुपयांनी वाढतं (कर, आयात बाजूला ठेवून, प्रत्यक्षात बराच कमी).

आलेख सोपे आहेत (उभ्या अक्षावर भाव, आडव्यावर एकूण उत्पादन): अभिजात पुरवठा रेषा उभी, मंदीतली केन्सची जवळपास आडवी.

आणि हो, सुताचे भाव भडकून माग थांबले असतील तर तिथे मागणीचं औषध देऊ नकोस. तो पुरवठ्याचा धक्का.