संयुग : एका जुवाखालची मूलद्रव्ये

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे : ‘नाशिकच्या एका चर्चासत्रात वक्त्यांनी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे संयुग म्हटले. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र मिश्रण आणि संयुग या दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आहेत. बरोबर कोण? आणि संयुग हे संयुक्त या शब्दाचेच दुसरे रूप आहे का?’

पुस्तक बरोबर आहे आणि वक्ते चुकले आहेत. संयुग हे संयुक्तचे दुसरे रूप नसून सख्खे भावंड आहे. उत्तर एवढ्यावर संपते खरे. परंतु या शब्दाच्या पोटात जे दडले आहे, ते सांगितल्यावाचून हा प्रश्न माझ्याने हातावेगळा होणार नाही.

आधी व्याख्या उरकून घेऊ. रासायनिक क्रियेने ज्याचे आणखी साध्या पदार्थांत विघटन करता येत नाही, ते मूलद्रव्य. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने जोडली गेली की संयुग होते. मिश्रणात घटकांचे प्रमाण आपल्या मर्जीवर असते आणि त्यांचे गुणधर्म शाबूत राहतात. नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्याचा हंडा मूलद्रव्याचा आहे, तर शेजारची पितळी घागर तांबे आणि जस्त यांच्या संमिश्राची आहे; पितळेतले जस्त कमीअधिक करता येते, म्हणून पितळ हे संयुग नव्हे. मूलद्रव्यातील ‘मूल’ हे मात्र आपल्या पृथक्करणाच्या ताकदीवर अवलंबून असते, हे विसरू नये. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ मध्ये जी ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात चक्क चुना होता, कारण तो फोडण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. १८०८ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने विजेच्या साहाय्याने कॅल्शियम वेगळे केले आणि चुना संयुगांच्या पंगतीत जाऊन बसला.

माझा खरा राग आहे तो खतांच्या दुकानांत आणि शेतकरी मेळाव्यांत सतत कानांवर पडणाऱ्या एका वाक्यावर : ‘झिंक सल्फेट हे महत्त्वाचे मूलद्रव्य आहे.’ मूलद्रव्य आहे ते जस्त. झिंक सल्फेट हे जस्त, गंधक आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. पिकाला जस्त हवे असते, म्हणून जस्ताला सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणतात. पण दूध कासंडीतून आणले म्हणून कासंडीला कोणी दूध म्हणत नाही. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) या आपल्या घरच्या शब्दांतही हीच गफलत आहे. १०:२६:२६ (म्हणजे या तिघांचे अनुक्रमे टक्के) खताच्या गोणीवरचे नत्र हे मूलद्रव्याच्या हिशेबाने मोजलेले असते, स्फुरद आणि पालाश मात्र त्यांच्या ऑक्साइडांच्या हिशेबाने मोजतात. म्हणून १०० किलो खतात २६ किलो स्फुरद आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात फॉस्फरस हे मूलद्रव्य सुमारे ११.३ किलोच असते. हा फरक मेळाव्यांतून कोणी समजावून सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आता संयुग. युग म्हणजे काळाचा मोठा खंड, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे आणि इथे तो निरुपयोगी आहे. शिकवणी वर्गाच्या एका टिपणात ‘संयुग म्हणजे एकाच युगात एकत्र आलेले’ असा विग्रह मी स्वतः वाचला आहे. असली व्युत्पत्ती मुलांच्या माथी मारणे हा अपराध आहे. युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. या धातूपासून झालेल्या युग शब्दाचा मूळ अर्थ आहे बैलांच्या मानेवरचे जू. आणि आपले मराठी ‘जू’ हे त्या युगाचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे : आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, मधला ‘ग’ गळाला आणि उरले ते जू. लॅटिनमधले युगुम आणि इंग्रजीतले योक हे त्याचेच दूरचे नातलग. युगलपासून आपल्याकडे जुळे आले, आणि मूलद्रव्याची दुसऱ्याशी जोडले जाण्याची क्षमता सांगणारी संयुजाही त्याच युज् धातूची. तेव्हा संयुग म्हणजे एका जुवाखाली आलेली मूलद्रव्ये. बैलांचा कळप कितीही मोठा असू शकतो, जुवाखाली मात्र मोजून दोनच बैल येतात. मिश्रण आणि संयुग यांतला निम्मा फरक या एका चित्रात सांगून होतो.

उरलेला निम्मा फरक सांगण्यासाठी मला शब्दशुद्धीच्या काही अभिमान्यांशी भांडावे लागणार आहे. त्यांचा आक्षेप असा की संस्कृतात संयुग म्हणजे युद्ध, म्हणून रसायनशास्त्रात हा शब्द चुकीचा आहे आणि आपण हिंदीप्रमाणे यौगिक म्हणावे. त्यांचे पहिले विधान खरे आहे. अमरकोशात युद्धवाचक शब्दांच्या मांदियाळीत संयुग दिलेला आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, कारण त्याच मांदियाळीत समिती आहे, समर आहे, संग्रामही आहे, आणि या सगळ्यांचा मूळ भाव ‘एकत्र येणे’ हाच आहे. एकत्र येण्याला आणि भिडण्याला एकच शब्द वापरणे ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. ती मराठीतही उतरली आहे. बैल आपण औताला जुंपतो आणि दोघा भावांची बांधावरून ‘जुंपली’ असेही म्हणतो. शिवाय यौगिक म्हटले की मराठी कानाला आसने आणि प्राणायाम आठवतात. हाती असलेला सार्थ शब्द टाकून तो उसना घेण्याचे कारणच काय?

माझे मत तर असे आहे की युद्धाचा अर्थ हाच या परिभाषेचा प्राण आहे. जुवाखाली बैल बैलच राहतो, संयुगात मूलद्रव्य पहिल्यासारखे राहत नाही. तिथे जुवाची उपमा तोकडी पडते आणि युद्धाची कामाला येते. भुरी रोगासाठी बागेत जे गंधक धुरळतात, तेच ४ ग्रॅम घेऊन त्यात ७ ग्रॅम लोखंडाचा कीस मिसळावा. हे झाले मिश्रण. लोहचुंबक फिरवला की कीस निमूटपणे वेगळा होतो. मग परीक्षानळीत ते एका टोकाला तापवावे. एकदा लाली धरली की खालची ज्योत काढून घेतली तरी ती पुढे सरकत जाते, आणि मागे उरतो तो काळा पदार्थ ना गंधकासारखा पिवळा असतो ना चुंबकाकडे ओढला जातो. ही उष्णता आणि हे रूपांतर म्हणजे युद्ध. आणि ७ ला ४ हे प्रमाण म्हणजे जू. गंधक ५ ग्रॅम घेतले, तर जास्तीचा १ ग्रॅम जुवाबाहेरच राहतो. खाणीतून निघालेल्या आणि प्रयोगशाळेत केलेल्या कॉपर कार्बोनेटमध्ये मूलद्रव्यांचे प्रमाण एकच असते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्तने १७९९ मध्ये दाखवले ते याच अर्थाने. दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावलेले असताना त्याला चुकीचे ठरवणाऱ्यांनी तो पुरता वाचलेलाच नाही, असे मला वाटते.

बोर्डोकडे येतो. फ्रान्समधील बोर्डो येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने द्राक्षांवरील केवडा रोगासाठी ते १८८५ मध्ये प्रसिद्धीस आणले आणि त्याला मिश्रण म्हणतात ते योग्यच आहे. १ टक्क्याच्या द्रावणासाठी आपण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतो. मोरचूद हे संयुग, विरवलेला चुनाही संयुग. ती एकत्र येताच त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तांब्याची नवी संयुगे आणि जिप्सम तयार होते. म्हणजे आत संयुगे घडतात, पण फवारणीच्या टाकीत असते ते त्या संयुगांचे पाण्यातील मिश्रण. चुन्याचे प्रमाण आपल्या हातात असते, यावरूनच ते एक संयुग नाही हे कळावे. चुना कमी पडला आहे का, हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी पाते बुडवतो आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. त्या वेळी मोकळ्या राहिलेल्या मोरचुदातले तांबे जुवातून सुटून पात्यावर बसते आणि त्याच्या जागी लोखंड जुंपले जाते.

संयुक्त हे विशेषण आहे, म्हणून संयुक्त खत, संयुक्त महाराष्ट्र. संयुग हे नपुंसकलिंगी नाम आहे : ते संयुग, ती संयुगे. तत्सम शब्द असल्यामुळे त्यातला ‘यु’ ऱ्हस्वच लिहावा; चर्चासत्राच्या फलकावर ‘संयूग’ लिहिलेले असेल, तर तीही चूकच आहे.